खतावणीपासून आज्ञावलीपर्यंत



यंदाच्या स्मरणिकेसाठी मी बाजारभाव, करपद्धती अथवा गुदामांची व्यवस्था यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. त्या विषयांचे जाणते सभासद आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मी निवडलेला विषय ऐकून कित्येकांना हसू येईल, याची मला कल्पना आहे. ज्याचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेले नाही आणि ज्याचे आयुष्य जोंधळा, मका, मूग व हरभरा यांच्या पोत्यांत गेले, त्याने संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे ज्यास मुले प्रोग्रॅमिंग म्हणतात त्यावर, लेख लिहावा हे धाडसच होय. परंतु गेल्या दोन वर्षांत या विद्येने माझ्याच पेढीचा एक दोष माझ्या पदरात घातला. तो लपवून ठेवण्यापेक्षा चार बंधूंना सांगितल्यास त्यांचाही काही लाभ होईल, या हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा मुलगा वा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसलेली दिसते. विचारले तर ‘परीक्षेची तयारी चालली आहे’ असे उत्तर मिळते. परीक्षा कसली, विद्या कसली आणि तिचा आपल्या व्यापाराशी संबंध काय, हे आपण सहसा विचारीत नाही. शुल्क भरले की आपले कर्तव्य संपले, असे मानतो. मीही तसेच मानीत होतो.

प्रत्येक पिढीचे नवे गणित

नवी विद्या शिकण्याचा प्रसंग व्यापारी समाजावर प्रथमच आला आहे असे नाही. आमच्या वडिलांची पिढी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे पाढे पाठ करून दुकानात बसली. सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैशांचा रुपया, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया हे कोष्टक त्यांच्या जिभेवर होते. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. १९५६ च्या कायद्याने मण, शेर व छटाक जाऊन पुढील काही वर्षांत क्विंटल व किलो आले. चाळीस-पन्नास वर्षांच्या मुरलेल्या मुनिमांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. वडील सांगत, की त्या दिवसांत दुकानात दोन वह्या ठेवल्या जात. एकीत जुन्या मापाचा हिशेब आणि दुसरीत नव्या मापाचा. दोन्ही जुळल्याखेरीज दिवा मालवला जात नसे.

पुढे आमच्याही वाट्याला अशी वळणे आली. कर्नाटकातील बाजार समित्यांत २०१४ पासून संगणकावरील एकीकृत बाजाराची पद्धत सुरू झाली, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि १ एप्रिल २०१८ पासून मालगाडीबरोबर ई-वे बिल आले. अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात हाताने बोली लिहिणारे आम्ही लोक पडद्यावरील आकडे वाचू लागलो. मात्र या सर्व प्रसंगी आम्ही केवळ यंत्र वापरणारे होतो. यंत्राला आज्ञा देणारा दुसराच कोणी होता, आणि त्याने काय आज्ञा दिली आहे हे आम्ही कधी पाहिले नाही. या लेखाचे मूळ येथेच आहे.

आज्ञावली म्हणजे काय?

पुतणीने मला ही गोष्ट ज्या रीतीने समजावली, त्याच रीतीने येथे देतो. आपल्या दुकानात एक नोकर आहे अशी कल्पना करा. तो अत्यंत चपळ आहे, कधी थकत नाही, कधी उलट उत्तर देत नाही; परंतु त्यास स्वतःची बुद्धी म्हणून नाही. त्याला ‘मालाचा हिशेब कर’ असे सांगून भागत नाही. वजन कोठून घ्यावे, दर कोणता धरावा, दोहोंचा गुणाकार करून काय वजा करावे, पैसे उरले तर त्यांचे काय करावे आणि पोते फाटके असेल तर काय करावे, हे सर्व क्रमाने लिहून द्यावे लागते. आपण जे सांगितले तेच तो करतो. आपल्या मनात काय होते ते त्यास कळत नाही. अशा नोकरासाठी लिहिलेली आज्ञांची यादी म्हणजे आज्ञावली.

तिची अंगे मोजकी आहेत. मूल्य ठेवण्यासाठी नावाची एक जागा लागते. खतावणीत जसे प्रत्येकाचे खाते असते तशीच ही. ‘अमुक असेल तर असे, नसेल तर तसे’ ही अट लागते. पन्नास पोती असली तर तीच क्रिया पन्नास वेळा करण्याची आवृत्ती लागते. वारंवार लागणारी रीत एकदाच लिहून तिला नाव द्यावे आणि पुढे केवळ नावाने बोलवावे, अशी सोय लागते. शेवटी सर्व काही जपून ठेवण्याचे दप्तर लागते. ही पाच अंगे कळली, की उरलेला भाग सरावाचा व चिकाटीचा.

परीक्षा व प्रमाणपत्रे

या विद्येच्या परीक्षा अनेक आहेत. पालकांच्या माहितीसाठी त्यांपैकी काहींचा उल्लेख करतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने १९९० मध्ये ‘डोएक’ या नावाने एक परीक्षा-योजना सुरू केली. ती चालविणाऱ्या संस्थेस २०११ पासून ‘नायलिट’ असे नाव आहे. तिच्यात ओ, ए, बी व सी अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्या, म्हणजे ओ पायरीच्या सध्याच्या अभ्यासक्रमात संगणकाची साधने व जाळे, संकेतस्थळांची रचना, पायथन भाषेतील आज्ञावली आणि इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची ओळख असे चार विषय आहेत. पायथन ही भाषा गिडो व्हान रोसम या डच गृहस्थाने निर्माण केली व १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिची वाक्ये साध्या इंग्रजीच्या जवळ जाणारी असल्यामुळे नवशिक्यास ती सोपी पडते.

दुसरा मार्ग ‘एनपीटेल’चा. देशातील आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये हा उपक्रम आरंभिला. त्यातील व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात, दर आठवड्यास गृहपाठ असतो आणि ज्यास प्रमाणपत्र हवे त्याने शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी अशी व्यवस्था आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने लहान लहान ध्वनिचित्र-पाठ तयार केले असून त्यांत मराठी व कन्नड भाषांतील पाठही आहेत. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या मुलांसाठी त्यांचा विशेष उपयोग होतो. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांसाठी पुण्याच्या ‘सी-डॅक’चा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक सिद्ध झाला, हे आपणांस ठाऊक असेलच.

आपली जुळी शहरेही या बाबतीत मागे नाहीत. हुबळीचे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. धारवाडला २०१५ मध्ये ट्रिपल आयटी आणि २०१६ मध्ये आयआयटी सुरू झाली. ज्या विद्येसाठी पूर्वी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे, ती आता आपल्या दाराशी आली आहे.

व्यापाऱ्याच्या घरातून ही विद्या कशी उगवते, याचे एक ठळक उदाहरण आपण रोज हाताळतो. कारखाने व कापड गिरण्या यांना माल पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाच्या वह्या ठेवण्यास मनासारखी संगणक-व्यवस्था मिळेना. त्यांचे चिरंजीव भरत गोएंका गणिताचे पदवीधर होते. वडिलांच्या गरजेसाठी त्यांनी स्वतः आज्ञावली लिहिली, आणि त्यातून १९८६ मध्ये बंगळूर येथे जो व्यवसाय सुरू झाला, तीच आपल्या दुकानादुकानांतील ‘टॅली’. २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे ही विद्या घरच्या खतावणीतील अडचणीतून आली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

अपयशाची पहिली खेप

आता घरची हकीकत. माझी पुतणी वाणिज्य शाखेत शिकत असताना ओ पायरीच्या परीक्षेस बसली. ती ज्या खासगी वर्गास जाई, तेथे प्रश्नांची उत्तरे छापून देत आणि ती तोंडपाठ करवून घेत. पायथनच्या पेपरात ती अनुत्तीर्ण झाली. घरात चर्चा झाली. ‘शुल्क गेले, वर्ष गेले, आता पदवी पुरी कर आणि ही हौस सोड, मुलीच्या जातीला एवढे काय करायचे आहे?’ असे शब्द निघाले. हे शब्द दुसऱ्या कोणाचे नव्हते. ते माझे होते. घरातील वडील माणूस म्हणून मी बोललो, आणि वडील माणसाच्या शब्दापुढे कोणी बोलले नाही.

दोन दिवसांनी ती दुकानात आली. “मोठे काका, मला पुन्हा बसू द्या. या खेपेस मी पाठांतर करणार नाही. मला दुकानातला एखादा खरा हिशेब द्या. तो मी मांडून दाखवते. जमला नाही तर मी होऊन सोडीन,” असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, सौदा होता. व्यापाऱ्याने सौद्यास नकार कसा द्यावा? मी तिच्यापुढे शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे एक बांधलेले पुडके टाकले आणि म्हटले, “बाळ, एवढी पट्टी तुझ्या यंत्राकडून करून आण.”

पंच्याण्णव पैशांचा प्रश्न

आमच्या दुकानात काही वर्षांपासून पट्टी संगणकावर निघते. ती आज्ञावली आम्ही एका माणसाकडून करवून घेतली होती. पैसे दिले, यंत्र चालू झाले, कागद सुबक निघू लागला; पुढे कोणी विचारपूस केली नाही.

पुतणीने आठवड्याभरात आपली आज्ञावली आणली आणि जुन्या वीस पट्ट्या तिच्यातून काढल्या. त्यांपैकी तीन जुळल्या व सतरा चुकल्या. मी जरा समाधानानेच म्हणालो, “पाहिलेस? अजून शिकायचे आहे.” तिने एक पट्टी माझ्यापुढे ठेवली. मका ७ क्विंटल ४३ किलो, दर क्विंटलला २,११५ रुपये. पोती पंधरा, हमाली पोत्यास साडेसहा रुपये. “हाताने करा,” ती म्हणाली.

आमचे वृद्ध दिवाणजी शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि जुन्या पाठीपोटी कागदावर हिशेब मांडला. मालाचे १५,७१४ रुपये ४५ पैसे. हमाली ९७ रुपये ५० पैसे. वजा जाता १५,६१६ रुपये ९५ पैसे. आमच्या छापील पट्टीवर आकडा होता १५,६१६. दिवाणजींनी तो दोनदा पाहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शेठजी, पोरीचे बरोबर आहे.”

पूर्वी हाताने पट्टी लिहिताना आमच्या पेढीची रीत ठरलेली होती. पन्नास व त्याहून अधिक पैसे असले की रुपया पुरा करावयाचा, कमी असले तर सोडावयाचे. वस्तू व सेवा कराची रक्कम पूर्ण करण्यासाठीही कायद्यात हाच नियम आहे. या रीतीत कधी शेतकऱ्यास चार पैसे अधिक जातात, कधी कमी. वर्षाअखेर दोन्ही बाजू जवळजवळ फिटतात. परंतु आमच्या संगणकास रुपया पुरा करण्याची आज्ञाच नव्हती. ‘पूर्णांक घे व बाकीचे टाक’ एवढीच आज्ञा होती. त्यामुळे पाच पैसे असोत की पंच्याण्णव असोत, ते नेहमी शेतकऱ्याच्याच बाजूचे कापले जात, आणि नेहमी आमच्याच बाजूस पडत. ज्या तीन पट्ट्या जुळल्या, त्यांत रुपयावर पन्नासाहून कमी पैसे होते किंवा मुळीच नव्हते.

अशा पट्टीमागे सरासरीने अर्धा रुपया जातो. वर्षभराच्या १,९१४ पट्ट्या आम्ही तपासल्या. एकूण फरक ९२६ रुपये निघाला. रक्कम ऐकून कोणी म्हणेल, एवढ्याचा काय बाऊ? पण बंधूंनो, ती आमची नव्हती. तराजूच्या पारड्याखाली मेण लावणारा जे करतो तेच आमच्या दुकानात यंत्र करीत होते, आणि आम्ही रोज सकाळी त्याच यंत्रास हळद-कुंकू वाहत होतो.

असा दोष केवळ लहान पेढीतच होतो असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १,००० धरून सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर संगणक तो नव्याने काढी आणि दशांशाच्या तीन स्थळांपुढील भाग पुरा न करता कापून टाकी. दिवसातून हजारो वेळा हे घडे. बाजार बरा चालला असता निर्देशांक मात्र घसरतच गेला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२४ वर आला. चूक उमगून दुरुस्ती केली तेव्हा खरा आकडा सुमारे १,०९८ निघाला. कणाकणाने गळणारे पोते वाटेतच अर्धे होते, हे आपल्या हमालास ठाऊक असते. मोठमोठ्या पंडितांच्या ध्यानात मात्र ते पावणेदोन वर्षे आले नाही.

पुतणीने याहूनही सूक्ष्म गोष्ट दाखविली. संगणकास ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता तो निव्वळ ०.३ सांगत नाही. शेवटी कोठेतरी एक अतिसूक्ष्म शेपूट राहते. कारण तो सर्व संख्या दोनाच्या पटीत लिहितो, आणि त्या लिपीत एक दशांश कधीच पुरा लिहून होत नाही. रुपया तिघांत वाटताना तेहतीस पैसे देऊन एक पैसा उरतोच, तसाच हा प्रकार. पायथनमधील रुपया पुरा करण्याची तयार आज्ञाही आपल्या रीतीची नाही. नेमका अर्धा भाग आला असता ती जवळच्या सम संख्येकडे वळते. अडीचाचे दोन करते आणि साडेतिनाचे चार. म्हणून पुतणीने सगळा हिशेब रुपयांत न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवला. शेवटी एकूण पैशांत ५० मिळवून १०० ने भागावे आणि पूर्ण भाग घ्यावा, एवढीच रीत लिहिली. वरील पट्टीचे १५,६१,६९५ पैसे होतात; त्यांत ५० मिळवून १०० ने भागले की १५,६१७ येतात. दिवाणजी म्हणाले, “हे तर आपलेच गणित आहे.” त्या दिवसापासून ते तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणू लागले.

फरकाची रक्कम पांजरपोळास द्यावी अशी सूचना घरात आली. मला ती पटली नाही. दुसऱ्याच्या पैशाने केलेले दान हे दान कसे व्हावे? जे शेतकरी नेहमी येतात, त्यांच्या पुढील पट्टीत ‘मागील फरक जमा’ अशी ओळ घातली. इतरांच्या नावांची यादी दुकानात लावली. नवलगुंद तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी आपले चौदा रुपये घेऊन, चहा पिऊन उठताना हसत म्हणाला, “साहुकार, आता तुमच्या यंत्राला विचारून पाहा, आमच्या वडिलांच्या वेळचे काही निघते काय.” सगळे हसले. मला मात्र उत्तर सुचले नाही.

ही विद्या परकी नव्हे

पुष्कळांना वाटते की हे सर्व पाश्चात्त्यांचे आहे. आपल्या आचार्यांची परंपरा पाहिली तर हा समज टिकत नाही. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, सुमारे इसवी सन ८५० मध्ये, याच कर्नाटक भूमीत महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, मिश्रण यांची प्रत्येक रीत त्यांनी क्रमवार सांगितली आहे. प्रथम हे करावे, मग ते करावे, उत्तर हे येईल. अशा क्रमबद्ध रीतीसच आज ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द अल-ख्वारिझ्मी या नवव्या शतकातील पंडिताच्या नावावरून आला, आणि त्याने भारतीय अंकपद्धतीवरच ग्रंथ लिहिला होता.

आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही कल्पना येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली असता एक उरतो, ते तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद पाच. मूडबिद्रीस शतकानुशतके जपून ठेवलेल्या या ग्रंथाचे प्रकाशन डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून सुरू केले. आज विद्यार्थ्यास शोधाची जी रीत शिकवितात, तिचा पाया हाच आहे. अकारविल्हे लावलेल्या १,०२४ नावांच्या खतावणीत एक नाव शोधावयाचे असेल, तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. मध्यभागी उघडावे, नाव पुढे की मागे ते पाहून निम्मी वही सोडावी, आणि पुन्हा तसेच करावे. दहा वेळा निम्मे करता एकच नाव उरते, कारण १,०२४ चे अर्धच्छेद दहा आहेत.

तसेच, नवशिक्यास हमखास घालतात ते उदाहरण म्हणजे १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज. जगात ती इटलीच्या फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ चा. परंतु छंदःशास्त्रातील लघु-गुरूंच्या मांडणीचा विचार करताना आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० मध्ये हीच रीत सांगितली होती. हे ऐकून पुतणीने आपल्या वहीत त्या उदाहरणाचे शीर्षक खोडून ‘हेमचंद्र’ असे लिहिले. हे सांगण्यात पोकळ अभिमान नाही. पूर्वजांनी रीत सांगितली म्हणून आपणांस ती आपोआप येत नाही; एवढेच, की ती शिकताना परक्या घरी गेल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

व्रत आणि विद्या

अणुव्रतांची चर्चा आपण पर्युषणात ऐकतो. सत्याच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, आणि अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे कमी-अधिक मापे ठेवणे, हे सांगितले आहेत. आमच्या पट्टीत हे दोन्ही दोष अजाणता शिरले होते. संगणक हे आजचे मापच आहे. माप दुसऱ्याने घडविले म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही.

विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. दुसऱ्याची आज्ञावली उतरवून आपली म्हणून देणे हे अदत्तादान होय. आता तर प्रश्न लिहिताच आज्ञावली रचून देणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांचा उपयोग करू नये असे मी म्हणत नाही. मुनीम ठेवणे म्हणजे पाप नव्हे. परंतु ज्यास स्वतः रोजमेळ वाचता येत नाही, त्याने मुनीम ठेवला तर पेढी कोणाची होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यंत्राने लिहिलेले तपासता यावे एवढी विद्या तरी स्वतःच्या हातात असली पाहिजे. प्रमाणपत्र हे हुंडीसारखे आहे. कागद कितीही सुबक असला, तरी पेढीवर शिल्लक असेल तरच ती सकारली जाते.

काही सूचना

सभासद बंधु-भगिनींच्या विचारार्थ चार गोष्टी नम्रपणे मांडतो. पहिली, घरातील विद्यार्थ्यास दुकानातील एक खरा हिशेब द्यावा. हमालीचा असो, व्याजाचा असो वा गुदाम भाड्याचा असो. पुस्तकातील दहा उदाहरणांपेक्षा तो अधिक शिकवील. दुसरी, जुने दिवाणजी व नवी मुले यांना आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसवावे. एकास रीत ठाऊक असते, दुसऱ्यास यंत्र. तिसरी, दुकानातील संगणकाच्या पट्ट्यांपैकी दर महिन्यास दहा-वीस हाताने पडताळून पाहाव्यात. तेरीज जुळते म्हणून प्रत्येक नोंद खरी असते असे नाही. चौथी, मंडळाने आपल्या कार्यालयातील एक खोली रविवारी विद्यार्थ्यांसाठी खुली करावी आणि गरजू मुलामुलींचे परीक्षा-शुल्क द्यावे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने आणि कर्मवीर भाऊराव पाटलांसारख्या पुरुषांनी शिक्षणासाठी जे केले, त्यामानाने ही मागणी फार लहान आहे. यात मुलगा व मुलगी असा भेद करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

पुतणी दुसऱ्या खेपेस पायथनच्या पेपरात उत्तीर्ण झाली. अजून एक विषय तिचा बाकी आहे. निकाल कळला त्या संध्याकाळी ती दुकानात आली, तेव्हा मी गिऱ्हाइकात गुंतलो होतो. दिवाणजींनी तिला खुर्ची दिली आणि त्या दिवसाच्या पट्ट्यांचे पुडके तिच्या हातात ठेवले. तिने ते सोडले, पेन्सिल घेतली आणि पहिली पट्टी हाताने तपासू लागली. यंत्र शेजारी चालूच होते.

येत्या दिवाळीत वहीपूजन करताना आमच्या पेढीवर दोन गोष्टी पाटावर ठेवल्या जातील. एक नवी वही, आणि दुसरी तिने लिहिलेल्या त्या आज्ञावलीचा कागद. दोहोंवर स्वस्तिक काढले जाईल. आपणां सर्वांच्या पेढ्यांचे माप खरे राहो आणि मुलांची विद्या सफल होवो, अशी जिनचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.